वर्ग ऑनलाइन, मग व्हिसा कशाचा?

आता तालुक्याच्या गावांतूनही मुलंमुली अमेरिकेला शिकायला जाऊ लागली आहेत. आई किंवा वडील कर्जाच्या कागदावर सही करतात, घर तारण ठेवतात. फी किती, विमानाचं तिकीट किती, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. पण व्हिसा नेमका कशावर मिळतो, हे आपण फारसं विचारत नाही. आज आम्ही त्याबद्दल बोलणार आहोत.

अमेरिकेत विद्यापीठात शिकायला बहुतेकांना एफ-१ नावाचा व्हिसा लागतो. त्याआधी विद्यापीठ आय-२० नावाचा कागद देतं. हा व्हिसा नुसती फी भरली म्हणून मिळत नाही. तिथे राहून, वर्गात बसून, पूर्ण वेळ शिकायचं म्हणून मिळतो. अभ्यासाचं माप तिकडे क्रेडिटमध्ये मोजतात. एरवीच्या नियमाप्रमाणे एका सत्रात एकच विषय, म्हणजे तीन क्रेडिटपर्यंतचा, ऑनलाइन शिकलेला हिशेबात धरतात. बाकीचं वर्गात शिकायचं. सगळाच कोर्स घरी बसून मोबाइलवर होणार असेल, तर त्यासाठी हा व्हिसा मिळत नाही.

या नियमाची कसोटी २०२० साली लागली. मार्चमध्ये कोरोनामुळे तिकडची विद्यापीठं बंद झाली आणि सगळे वर्ग ऑनलाइन गेले. तेव्हा सरकारने सवलत दिली. सगळे विषय ऑनलाइन शिकलात तरी व्हिसा चालेल, असं सांगितलं. ही सवलत आणीबाणी असेपर्यंत राहील, असंही लिहून दिलं.

मग ६ जुलैला सरकारने अचानक जाहीर केलं, की पुढच्या सत्रात ज्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील, त्यांनी देश सोडावा, नाहीतर वर्ग भरणाऱ्या विद्यापीठात नाव घालावं. तेव्हा अमेरिकेत दहा लाखांहून जास्त परदेशी विद्यार्थी होते. त्यांत सुमारे १ लाख ९३ हजार आपल्या देशातले. भारतात येणारी नेहमीची विमानं मार्चपासूनच बंद होती. खोलीचं भाडं ठरलेलं, कर्ज डोक्यावर. आणि घरी परतून शिकायचं म्हटलं तरी बॉस्टनमधला दुपारी दोनचा वर्ग आपल्याकडे रात्री साडेअकराला सुरू होतो.

दोनच दिवसांत, ८ जुलैला, हार्वर्ड आणि एमआयटी ही दोन विद्यापीठं बॉस्टनच्या कोर्टात गेली. इतर अनेक विद्यापीठांनी आणि काही राज्यांनीही या नियमाला विरोध केला. विद्यापीठांचं एक म्हणणं असं होतं: तुम्ही ‘आणीबाणी असेपर्यंत’ असं लिहून दिलंत, आम्ही त्या भरवशावर पुढच्या सत्राची आखणी केली, आणि आणीबाणी तर अजून संपलेली नाही. १४ जुलैला कोर्टात सरकारने नवा नियम मागे घेतला.

पण हा दिलासा सगळ्यांना मिळाला नाही. त्याच महिन्यात सरकारने स्पष्ट केलं, की नव्याने प्रवेश घेणाऱ्यांचे सगळे वर्ग ऑनलाइन असतील, तर त्यांना अमेरिकेत येता येणार नाही. म्हणजे आधीपासून शिकणाऱ्यांची सवलत टिकली, नव्यांना दार बंद राहिलं.

आपल्या बचत गटात आपण ठराव लिहून ठेवतो, त्यावर सह्या घेतो. तोंडी बोललेलं पुढे कोणी मानत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. इथेही लिहिलेला शब्दच कामी आला. म्हणून घरातलं कोणी परदेशी शिकायला निघालं असेल, तर कर्जावर सही करण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या.

कोर्स वर्गात आहे, ऑनलाइन आहे, की थोडा इथे थोडा तिथे? हे विद्यापीठाच्या पत्रात लिहिलेलं आहे का? ‘आधी ऑनलाइन सुरू करा, व्हिसाचं मागाहून बघू,’ असं एजंट म्हणाला, तर ते विद्यापीठाकडून लेखी मागा. व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळते का, किती आणि कधी, हेही विचारा. कर्जाचा हप्ता आपल्या नावावर लागतो, एजंटच्या नाही.

मुलगी किंवा मुलगा तिकडे पोचल्यावर त्यांनाही सांगून ठेवा. विषय कमी करायचा असेल, वर्ग ऑनलाइन करायचा असेल, तर आधी विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारायचं, मग बदल करायचा. तिथून आलेलं प्रत्येक पत्र, प्रत्येक ईमेल जपून ठेवायचं आणि एक प्रत घरी पाठवायची. नियम बदलतात. बदलले की चालू नियम त्याच कार्यालयात विचारायचा, ऐकीव गोष्टींवर जायचं नाही.

तुमच्या गटातल्या कोणाच्या घरी अशी तयारी चालली असेल, तर येत्या बैठकीत हे प्रश्न वाचून दाखवा. कागद इंग्रजीत असेल, तर गावातल्या शिकलेल्या मुलीला सोबत बसवा आणि ओळ न् ओळ समजून घ्या. सही त्यानंतर करा.