छप्पर मालकाचे, श्वास भाडेकरूचा



बुलढाणा जिल्ह्यात घाटाखाली मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव या पट्ट्यात उन्हाची काहिली अशी की, टिनाच्या छपराखाली दुपारी बसवत नाही. सिमेंटचा पत्रा टिनाहून कमी तापतो, गंजत नाही, आणि स्लॅबच्या मानाने फार स्वस्त पडतो. म्हणून वाड्यामागे काढलेल्या भाड्याच्या खोल्यांवर, हमालाच्या बिऱ्हाडावर, खेड्यातून शिकायला आलेल्या मुलांच्या खोलीवर तो चढला. यांतील बहुतेक पत्र्यांना बळकटी देणारा तंतू ॲस्बेस्टॉस या खनिजाचा असतो, हे मात्र त्याखाली झोपणाऱ्या फार थोड्यांना ठाऊक असते.

अखंड पत्रा डोक्यावर असणे म्हणजे घरात विष पसरणे नव्हे, हे आधीच स्पष्ट केले पाहिजे. घाबरून तो फोडून काढणारा भाडेकरू धोका वाढवतो. तंतू सिमेंटात घट्ट बसलेला असतो तोवर तो फारसा बाहेर पडत नाही. पत्रा फुटला, कापला, डिशच्या तारेसाठी त्याला छिद्र पाडले, शेवाळ काढण्यासाठी तारेच्या ब्रशने घासला, की केसाहून कितीतरी बारीक तंतू हवेत मिसळतात. ते दिसत नाहीत, त्यांना वास नाही. ॲस्बेस्टॉसिस, फुप्फुसाचा कर्करोग किंवा फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग बहुधा 20 ते 40 वर्षांनी प्रकट होतो. कारखान्यातील कामगाराइतका धोका भाडेकरूला नाही, हे खरे. पण कामगाराची निदान हजेरीपुस्तकात नोंद असते. भाडेकरूने तोवर दहा घरे बदललेली असतात.

आणि वऱ्हाडात पत्रा फुटायला फार निमित्त लागत नाही. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की पुरे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये विदर्भ-मराठवाड्यात जशी गारपीट झाली, तशी झाली तर विचारायलाच नको. मालकाचा निरोप येतो, ‘तुम्हीच एखादा पत्रा टाकून घ्या.’ मग घरातील बाई कोरडा झाडू घेऊन तुकडे लोटते, मोठा तुकडा न्हाणीवर किंवा कोंबड्यांच्या खुराड्यावर बसतो आणि उरलेला चुरा गल्लीत, जिथे पोरे खेळतात, तिथे पडतो.

समाजवादी कार्यकर्त्याला इंग्लंडमधील रॉचडेल हे गाव सहकारी चळवळीसाठी माहीत असते. 1844 साली तेथील विणकरांनी आपले दुकान काढले. त्याच रॉचडेलच्या ॲस्बेस्टॉस कारखान्यातील नेली कर्शॉ ही कामगार स्त्री 1924 साली मरण पावली आणि या रोगाची वैद्यकशास्त्रात नोंद झाली. त्याच उद्योगसमूहाचे भांडवल पुढे मुंबईत घाटकोपरच्या कारखान्यात आले. ब्रिटनने 1999 साली ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी घातली. भारत सरकारने 1986 पासून त्याच्या खाणींना नवे पट्टे देणे थांबवले, परंतु परदेशातून खनिज आणून पत्रे बनवणे थांबवले नाही. जमिनीतून काढायला जे घातक, ते गरिबाच्या डोक्यावर घालायला घातक कसे नाही, याचे उत्तर सरकारने दिले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली या उद्योगातील कामगाराचे आरोग्य जगण्याच्या मूलभूत हक्कात धरले आणि त्याच्या आरोग्याची नोंद 40 वर्षे जपण्याचा आदेश दिला. पत्र्याखाली राहणारा त्या निकालाच्या बाहेरच राहिला.

त्याच्या हाती आहे तो महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. वऱ्हाडातील जुना 1949 चा भाडे नियंत्रण आदेश जाऊन हा कायदा 2000 साली अमलात आला. त्यात ॲस्बेस्टॉस हा शब्द नाही. पण कलम 14 प्रमाणे घर राहण्याजोगे दुरुस्त ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. नोटिशीनंतर 15 दिवसांत त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मेख अशी की, वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून अधिक रक्कम वळती करता येत नाही. तेवढ्यात दोन-चार पत्रे बदलतील, छप्पर नव्हे. शिवाय करारात उलट लिहून घेतले असेल तर हे कलम लंगडे पडते. अकरा महिन्यांच्या ‘लिव्ह अँड लायसन्स’वर राहणारा तर भाडेकरूच ठरत नाही, आणि अनुसूचीबाहेरच्या खेड्यांना हा कायदा लागूच नाही.

तरीही त्यात एक जागा आहे, तिच्याकडे कार्यकर्त्यांचे लक्ष जावे. अशी नोटीस अनेक भाडेकरूंना मिळून देता येते. एकट्याने तोंड उघडले तर ‘खोली खाली करा’ हे उत्तर ठरलेले; वाड्यातील आठ बिऱ्हाडांनी एकत्र सही केली तर मालकाला विचार करावा लागतो. कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने ती पाळली नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. बहुतेक खोल्या तोंडी बोलीवरच दिल्या जातात. तेव्हा हे कलम फार जणांच्या कामाचे आहे.

नोटीस देतानाच मागणी अशी असावी की, पत्रा ओला करून, न फोडता, अख्खा उतरवला जाईल. तुकडे जाड प्लॅस्टिकमध्ये बांधले जातील. त्या वेळी मुले घरात नसतील. उरलेला चुरा झाडूने न लोटता ओल्या फडक्याने टिपला जाईल. तोंडाला बांधलेल्या रुमालाने हे तंतू अडत नाहीत, हे उतरवणाऱ्या मजुरालाही सांगावे लागेल. त्याच्या श्वासाचा विचार तर कोणीच करीत नाही. आणि बांधलेले तुकडे टाकायचे कुठे? खामगाव असो की चिखली, हा प्रश्न नगरपालिकेच्या सभेत पावसाळ्यापूर्वी विचारला गेला पाहिजे.