शहरातील बिऱ्हाड
(भिवापूर येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस 'शिक्षणाचे महत्त्व' हा विषय सुचविला होता. त्या विषयावर आम्ही छत्तीस वर्षे बोललो. मुले शिकली, आता शिकलेल्या मुलांनी राहावे कोठे, हा प्रश्न उभा आहे. आपल्या भिवापुरास मिरचीने नाव मिळवून दिले, तथापि तेवढ्या मिरचीवर सर्वांचा निर्वाह होत नाही. मुले नागपुरास, पुण्यास, मुंबईस जातात. नोकरीचे पत्र येते त्या दिवशी घरी पेढे वाटतात आणि दुसऱ्या दिवसापासून खोलीची चिंता सुरू होते.

गतवर्षी आमच्या धाकट्या चिरंजीवास पुण्यास नोकरी लागली. छायाचित्रे पाहून आम्ही एका दलालास पाच हजार रुपये आगाऊ पाठविले. पुण्यास उतरून पाहतो तो दलालही नाही आणि खोलीही नाही! घर डोळ्यांनी पाहिल्यावाचून पैसा देऊ नये, एवढे शहाणपण जन्मभर इतरांस शिकविणाऱ्या आम्हांस नव्हते. पुढे तीन दिवस पायपीट केली. कोणी म्हणे, अविवाहितास देत नाही. कोणी म्हणे, मांसाहार चालणार नाही. एका सद्गृहस्थांनी पाणी दिले, आडनाव विचारले, गाव विचारले आणि त्यावरून उलगडा होईना तेव्हा सरळ जात विचारली. मग 'विचार करून कळवितो' असे म्हणाले. त्यांचे उत्तर अद्याप यावयाचे आहे. शेवटी दोन सहकाऱ्यांसह मुलास जागा मिळाली, पण कचेरीपासून दीड तासाच्या अंतरावर.

परतीच्या गाडीत आम्हांस झोप आली नाही. १९९४ साली येथल्या शाळेत एक तरुण शिक्षक नव्याने रुजू झाले होते. आमची पडवीलगतची खोली रिकामी होती, ती त्यांनी मागितली. आम्हीही त्यांस पाणी दिले, आडनाव विचारले आणि 'पाहुणे येणार आहेत' असे सांगितले. पाहुणे कोणी आले नाहीत. तो सबंध पावसाळा ते गृहस्थ उमरेडहून एस. टी.ने येजा करीत होते. ही गोष्ट आम्ही घरातही कधी बोललो नव्हतो.

असो. घरे इतकी महाग व दुर्मिळ का झाली, याचा थोडा विचार करू. मुंबईत १९४७ च्या कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली. भाडेकरूस आसरा मिळाला खरा. परंतु वर्षे लोटली, महागाई वाढली आणि भाडे तेथेच राहिले. मालकांनी डागडुजी सोडली, भाड्याने देण्यासाठी नवी घरे बांधणे थांबविले आणि पागडीची चाल पडली. आपल्या विदर्भात १९४९ चा निराळा भाडेनियंत्रण आदेश होता. दोहोंच्या जागी १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आला; तो ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. त्यातील एक गोष्ट पालकांनी पदराशी बांधावी. करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, असे कोणी सांगेल तर मानू नये. मात्र मुदत संपल्यावर जागा न सोडल्यास दुप्पट आकार द्यावा लागतो, हेही मुलांस बजावावे. अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी, असे केंद्राच्या २०२१ च्या आदर्श कायद्यात आहे. पण राज्याने स्वीकारल्यावाचून तो आपणांस लागू होत नाही. पुण्यात आमच्याकडून तीन महिन्यांची घेतली.

गरिबांनी पूर्वी यावर एक तोड काढली होती. मुंबईच्या गिरणगावात कोकणातील गावागावांच्या खोल्या असत. बी. डी. डी. चाळीतली खोली ती केवढी? अवघी १६० चौरस फूट. तरी गावाहून आलेल्या नव्या पोरास तेथे वळकटी टाकण्यापुरती जागा मिळे. भाडे वर्गणीने वाटून घेत. जेवणास खानावळ असे. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या जागी निजे. सुख नव्हते, पण स्टेशनावर रात्र काढण्याची पाळी येत नसे.

आपल्या मंडळाकडे सभागृहासाठी जमविलेला निधी आहे. सभागृह व्हावे असे आम्हांसही वाटते. परंतु त्यात वर्षाकाठी लग्ने किती लागणार? त्या निधीतून पुण्यास एक व नागपुरास एक अशी दोन बिऱ्हाडे भाड्याने घ्यावीत. नव्या मुलास तेथे तीन महिने राहता यावे आणि अनामत रकमेसाठी त्यास बिनव्याजी कर्ज मिळावे. मुलींची सोय स्वतंत्र असावी. अग्रक्रम आपल्या मुलांस असो. मात्र खाट रिकामी असेल तर भिवापूर तालुक्यातील कोणाही मुलास ती मिळावी आणि दारात त्याची जात विचारू नये. या शेवटच्या कलमास कार्यकारिणीत विरोध झाला, हे आम्ही जाणतो. 'मग मंडळ कशाला?' असे एका वडीलधाऱ्या सदस्यांनी आम्हांस विचारले. त्यांस आम्ही पुण्याच्या त्या सद्गृहस्थांची हकीकत सांगितली. पडवीची आज सर्वांसमक्ष सांगत आहोत.

ठरावाची प्रत चिटणीसांकडे दिली आहे. दुपारच्या बैठकीत तो मांडण्याची अनुज्ञा अध्यक्षमहाराजांनी द्यावी, ही विनंती.