रुखवतातली एलिझाबेथ

रुखवतात काय मांडावं, याला आपल्याकडे बंधन नाही. साखरेची भातुकली, लोकरीचे पोपट, सारं चालतं. घाटकोपरला माझ्या भाचीच्या लग्नात मैत्रिणींनी इंग्रजी कादंबऱ्या मांडल्या. मधोमध जेन ऑस्टिनची १८१३ सालची 'प्राइड अँड प्रेज्युडिस', शेजारी शार्लट ब्राँटेची 'जेन एअर'. भाचीनं उखाणाही तसाच घेतला : 'एलिझाबेथनं डार्सीला आधी दिला नकार, अमुकरावांना मी मात्र लगेच दिला होकार!'

'जेन एअर'मध्ये लग्न ऐन चर्चमध्ये थांबतं. 'सावधान' ऐकून बोहल्यावरून निघून गेलेल्या समर्थांची कथा सांगणाऱ्या आपल्याला त्याचं नवल वाटू नये.

श्रोतेहो, ही गंमत झाली. ऑस्टिन मात्र नुसतं गोडगोड लिहीत नव्हती. बेनेटांना पाच मुली, पण वडिलांच्या पश्चात मालमत्ता जाणार दूरच्या पुरुष नातलगाकडे. म्हणून आईला लग्नांची घाई! स्वतः ऑस्टिननं १८०२ मध्ये एका जमीनदाराच्या मुलाला संध्याकाळी होकार दिला आणि सकाळी तो परत घेतला. पुढे ती अविवाहितच राहिली.

आपल्याकडे महाराष्ट्रानं १९९४ मध्ये आणि केंद्रानं २००५ मध्ये कायदा बदलून हिंदू मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क दिला. तरीही भावाशी गोडी राहावी म्हणून हक्कसोडपत्रावर मुकाट्यानं सही करणाऱ्या बहिणी आहेतच. बेनेटांच्या मुलींसाठी हळहळणाऱ्या भावांनी गावच्या सातबाऱ्यावर आपल्या बहिणीचंही नाव राहू द्यावं.