चिखलासाठी बनली, हॉटेलच्या दारात पोहोचली

आज रेंज रोव्हरबद्दल बोलू. माझं काम सस्पेन्शनचं, त्यामुळे कोणत्या नटाकडे कुठल्या रंगाची आहे ते मला विचारू नका.

लहानपणी आम्ही इंदूरहून ओंकारेश्वरला जीपमधून जायचो. कमानपाट्यांवरची गाडी. खड्डा आला की आधी डोकं छताला लागायचं, मग आई ओरडायची. रानात चालणाऱ्या गाड्या तेव्हा बहुतेक अशाच असायच्या. दणकट म्हणजे कडक, असंच समीकरण होतं.

इंग्लंडमधल्या रोव्हर कंपनीचे अभियंते स्पेन किंग यांनी ते मोडलं. 1970 साली आलेल्या पहिल्या रेंज रोव्हरला त्यांनी पुढेमागे कॉइल स्प्रिंग दिले, तेही भरपूर वर-खाली होणारे. कारण साधं होतं. एक चाक खड्ड्यात गेलं तरी ते जमिनीला टेकलेलं राहिलं पाहिजे, कारण हवेत लटकणारं चाक गाडी ओढत नाही. सोबत 3.5 लिटरचं व्ही-8 इंजिन, कायम चारही चाकांना ताकद आणि चारही चाकांना डिस्क ब्रेक. आत मात्र प्लास्टिकच्या सीट आणि रबरी मॅट. शेतावरून आलात की पाण्याचा पाइप मारून आतून धुवा!

1971-72 मध्ये ब्रिटिश सैन्याच्या एका मोहिमेनं अशा दोन गाड्या अलास्कापासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंत नेल्या. वाटेत पनामा आणि कोलंबियामधलं डॅरियनचं जंगल होतं, तिथे रस्ताच नाही. तेवढा पट्टा ओलांडायला सुमारे शंभर दिवस लागले. ओझं जास्त आणि टायर प्रचंड, त्यामुळे डिफरन्शियल फुटले. मला ही हकिगत जाहिरातीपेक्षा जास्त आवडते, कारण यात गाडी मोडते आणि दुरुस्त होऊन पुढे जाते.

आता गंमत बघा. चाक जमिनीला धरून ठेवणारा तो मऊ स्प्रिंग माणसालाही सुख देतो. गिऱ्हाइकाला ते लगेच कळलं. 1981 मध्ये चार दारं आली, पुढच्या वर्षी ऑटोमॅटिक गिअर. कातडी सीट, गालिचे आले आणि पाण्याचा पाइप गेला. 1992 मध्ये हवेवर चालणारं सस्पेन्शन आलं. ते खडबडीत वाटेवर गाडी उचलतं आणि उतरताना खाली बसवतं, म्हणजे साडी नेसलेल्या बाईलाही सोय.

1994 च्या दुसऱ्या पिढीवर मी थांबत नाही. तिसरी, 2001 ची, महत्त्वाची. ती बीएमडब्ल्यूच्या मालकीच्या काळात आखली गेली आणि बाजारात येईपर्यंत कंपनी फोर्डकडे गेली होती. तिच्यात वेगळी चासी गेली, सलग सांगाडा आला. आडवा दांडा गेला, प्रत्येक चाक स्वतंत्र झालं. 2008 मध्ये टाटांनी कंपनी घेतली आणि 2012 ची चौथी पिढी पूर्ण अॅल्युमिनियमच्या सांगाड्यावर आली. काही मॉडेलांत 420 किलोपर्यंत वजन घटलं आणि 900 मिलिमीटर, म्हणजे माझ्या कमरेएवढ्या पाण्यातून जायची क्षमता आली.

2021 च्या पाचव्या पिढीत मागची चाकंही वळतात. पाच मीटरहून लांब गाडी अकरा मीटरच्या आत फिरते. मॉलच्या तळघरात याचा जितका उपयोग, तितका शेतात नाही. स्वतः किंग यांनी 2004 मध्ये शहरात अशा गाड्या फिरवणाऱ्यांवर जाहीर टीका केली होती. मुलांना शाळेत सोडायला ही गाडी, हे त्यांना मूर्खपणाचं वाटायचं. त्यांचा राग मला पटतो, पण सगळा दोष मालकांवर टाकणं पटत नाही. आराम त्यांच्याच स्प्रिंगमध्ये होता. आम्ही अभियंते तो पुढे विकत राहिलो.

2024 पासून ही गाडी पुण्यातही जोडली जाते. पाचही पिढ्यांत एक गोष्ट टिकली आहे. मागचं दार आडवं दोन भागांत उघडतं. वरचा भाग पावसाला छप्पर, खालचा बसायला फळी. पुढच्या वेळी कुणाची उभी दिसली तर मालकाला विचारा, त्या फळीवर शेवटचं कधी बसला होतात?