दोन कंपन्यांचे भांडण आणि नागपूरकरांचा हिशेब

(खापरखेडा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)

खापरखेडा हे कोळशाचे आणि विजेचे गाव. अशा गावी फ्रेंचांचा समुद्रापारचा व्यापार आणि इंग्रजांशी त्यांची चाललेली स्पर्धा हा विषय कशासाठी, असे कोणालाही वाटेल. परंतु येथून थोड्याच कोसांवर असलेली कामठीची छावणी इंग्रजांनी १८२१ साली वसवली. त्या छावणीपर्यंत येणारी वाट पाँडिचेरी, कटक आणि देवगाव अशी वळणे घेत आली आहे. फ्रेंच व इंग्रज यांच्या भांडणात नागपूरकर भोसले प्रेक्षक नव्हते. त्यांनी त्यात हिशेब मांडले, पैसा घेतला आणि अखेर राज्य गमावले. तो हिशेब तपासणे हा आजचा विषय.

इंग्रजांची कंपनी १६०० साली लंडनच्या व्यापाऱ्यांनी काढली. फ्रेंचांची कंपनी १६६४ साली चौदाव्या लुईच्या राज्यात, त्याचा मंत्री कोल्बेर याच्या पुढाकाराने निघाली. एकीचे भागधारक नफ्याचा हिशेब मागत, तर दुसरी दरबाराच्या मर्जीवर चाले. १६६८ साली सुरतेस फ्रेंच वखार झाली आणि १६७४ साली फ्रांस्वा मार्तँ याने पाँडिचेरीस बस्तान बसवले. दोघांनाही हवे होते ते मुख्यतः हिंदी विणकराचे कापड. हे कापड इतके सरस की फ्रान्सने १६८६ पासून १७५९ पर्यंत छापील कापडाची आयात व वापर यांवर बंदी घातली आणि इंग्लंडनेही तसेच कायदे केले. बंदी स्वदेशात, बाहेर मात्र तोच माल विकायला मोकळीक. पाँडिचेरीकडील निळे कापड आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जाई, त्याच्या मोबदल्यात माणसे विकत घेतली जात आणि ती वेस्ट इंडीजच्या उसाच्या मळ्यांत राबवली जात. तामिळ विणकराचा माग आणि आफ्रिकी गुलामाची बेडी एकाच खतावणीत मांडलेली होती. या खतावणीसाठीच दोन कंपन्या भांडत होत्या.

या भांडणाच्या उंबरठ्यावर नागपूरचे रघूजी भोसले उभे राहिले ते १७४० साली. कर्नाटकच्या स्वारीत त्यांनी नबाब दोस्तअलीचा पाडाव केला. नबाबाच्या घरातील स्त्रिया व जवाहीर पाँडिचेरीच्या आश्रयास गेले. रघूजींनी ते परत मागितले आणि खंडणीही मागितली. गव्हर्नर डूमा याने दोन्हींस नकार दिला व मराठ्यांच्या वकिलाला आपला तट, तोफा आणि कवाईती शिपाई दाखवले. रघूजी पाँडिचेरीवर चालून गेले नाहीत. मार्च १७४१ मध्ये त्यांनी त्रिचनापल्ली घेतली आणि चंदासाहेबास कैद करून साताऱ्यास नेले. जय मोठा होता. परंतु व्यापाऱ्याच्या वखारीमागे तोफ का उभी आहे, हा प्रश्न त्या जयघोषात विरून गेला.

हाच चंदासाहेब १७४८ साली सुटला आणि डुप्लेच्या हातचे प्यादे झाला. डुप्लेने त्याला अर्काटच्या गादीसाठी पुढे केले, तर इंग्रजांनी महंमदअलीस. आपल्या लोकांच्या गाद्यांवर परक्यांनी डाव लावला आणि आपलेच शिपाई दोहोंकडून मेले. मुरारराव घोरपड्यांची मराठी पथके आधी इंग्रजांच्या बाजूने व पुढे फ्रेंचांच्या बाजूने लढली. युरोपातील तहाने काय होत असे तेही पाहा. १७४६ साली फ्रेंचांनी मद्रास जिंकले आणि १७४८ च्या तहात अमेरिकेतील लुईबूर्गच्या किल्ल्याच्या बदल्यात इंग्रजांना परत दिले. मद्रासच्या रयतेला कोणी विचारले नाही.

पुढे निकाल लागला तो आरमाराने आणि बंगालच्या वसुलीने. १७५७ च्या मार्चमध्ये चंद्रनगर पडले, जूनमध्ये प्लासी झाली. १७६० साली वांदिवाशला फ्रेंच हरले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर मराठ्यांचा घात झाला आणि त्याच आठवड्यात पाँडिचेरी इंग्रजांच्या हाती आली. इंग्रजांचे दोन प्रतिस्पर्धी दोन टोकांना एकाच वेळी कोसळले.

तरीही ‘काट्याने काटा काढावा’ ही आशा सुटली नाही. १७७७ साली सेंट ल्युबिन हा फ्रेंच वकील चौलास उतरून पुण्यास आला. नाना फडणिसांनी त्याचा मोठा सत्कार केला. त्याने फौज व शस्त्रे देण्याची आशा दाखवली आणि बंदराची सवलत मागितली. मुंबईकर इंग्रज हबकले व त्यांच्या युद्धखोरीला निमित्त मिळाले. फौज मात्र आली नाही. वडगावला १७७९ साली इंग्रज शरण आले ते मराठी फौजेपुढे; त्यात फ्रेंच मदतीचा वाटा नव्हता.

नानांची मुत्सद्देगिरी क्षुद्र नव्हती. इंग्रजांविरुद्ध पेशवे, हैदर, निजाम आणि नागपूरकर यांना एका फळीत आणण्याचा त्यांचा प्रयत्न या काळातील सर्वांत दूरदृष्टीचा होता. ही फळी मोडली ती आतून, आणि त्यात नागपूरचा वाटा मोठा. मुधोजी भोसल्यांची फौज बंगालवर जायची होती. ती कटकात रेंगाळली. वॉरन हेस्टिंग्जने लाखो रुपये मोजले, आणि १७८१ साली कर्नल पिअर्सची इंग्रज पलटण भोसल्यांच्याच ओरिसातून बिनघोर मद्रासेकडे गेली. तिकडे हैदर लढत होता. पुढल्याच वर्षी सफ्रँचे फ्रेंच आरमार त्याच्या मदतीस आले. समुद्रावर इंग्रजांची कोंडी होऊ शकत होती, तेव्हा जमिनीवरची वाट नागपूरकरांनी विकली. १७८२ च्या सालबाईच्या तहात पोर्तुगीजांच्या जुन्या वखारी वगळता अन्य युरोपीयांना वखारी घालू देणार नाही, हे कलम पेशव्यांनी मान्य केले. स्वतःच्या किनाऱ्यावर व्यापारास कोणाला येऊ द्यावे, हा अधिकारही गेला.

विकलेल्या वाटेची किंमत २२ वर्षांनी चुकवावी लागली. वेलस्लीने फ्रेंचांच्या भीतीचा बागुलबुवा उभा केला. शिंद्यांच्या कवाईती पलटणींचा फ्रेंच सेनापती पेराँ १८०३ साली लढाई ऐन रंगात असता इंग्रजांच्या आश्रयास गेला. असई, अडगाव, गाविलगड असे पराभव होत १७ डिसेंबर १८०३ रोजी देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक सोडले, वर्धेच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडला आणि इंग्रजांशी वैर असलेल्या फ्रेंचादी युरोपीयांना चाकरीस ठेवणार नाही असे लिहून दिले. १७८१ साली जी वाट भाड्याने दिली, ती आता कायमची इंग्रजांची झाली. १८१७ साली सीताबर्डीची लढाई, मग कामठीची छावणी आणि १८५४ साली उरलेले राज्यही खालसा. या खालशाच्या समर्थनात डलहौसीने विलायतेला लागणाऱ्या कापसाचाही मुद्दा मांडला. ज्या देशाचे कापड रोखण्यासाठी विलायतेने कायदे केले, त्याच देशाने आता कच्चा कापूस पुरवायचा होता!

इंग्रजांऐवजी फ्रेंच जिंकले असते तर? काहींना तो पर्याय सुसह्य वाटतो. समता आणि बंधुता यांची भाषा बोलणारा तो देश. त्यांनी पाँडिचेरीचा ३० जुलै १९३६ हा दिवस ध्यानात ठेवावा. गिरणी कामगार आठ तासांच्या दिवसासाठी संपावर होते. फ्रेंच सत्तेने गोळीबार केला, १२ कामगार ठार झाले. त्या वेळी पॅरिसमध्ये लेआँ ब्लुम या समाजवादी पुढाऱ्याचे सरकार होते. हे समाजवाद्यांनीच सर्वांत आधी सांगावे. कामगारांनी प्राण देऊन पुढे आठ तासांचा कायदा मिळवला. तो झेंड्याच्या रंगाने दिला नाही, संघटनेने दिला.

मित्रहो, या इतिहासाचा अर्थ सोपा आहे. दोन सावकारांच्या भांडणात कर्जदाराला क्षणभर उसंत मिळते, मुक्तता मिळत नाही. त्या उसंतीत स्वतःचे बळ वाढवले तर ती सार्थकी लागते. आपल्या राज्यकर्त्यांनी ती परस्परांना दगा देण्यात घालवली. त्यांनी तोफा व तोफखान्याचे सरदार उसने आणले, पण आरमार आणि कारखाने उभारले नाहीत. विणकराला आणि रयतेला राज्य आपले वाटावे असे काही केले नाही. आजही ‘अमक्या देशाच्या कंपनीपेक्षा तमक्या देशाची बरी’ असे सल्ले कानी पडतात. करार कोणाशीही करावा लागेल. परंतु त्याच्या अटी ठरवण्याचे बळ घरातच तयार व्हावे लागते. कोळसा खणणारे आणि वीज निर्माण करणारे हात एकत्र आले, तर ते बळ याच मातीत आहे. मुधोजींना मोजलेले लाखो रुपये केव्हाच संपले. विकलेली वाट परत मिळवायला मात्र देशाला दीडशेहून अधिक वर्षे लागली.