सवाल विचारणाऱ्या मॉर्मन बायका


अमेरिकेतली मॉर्मन कुटुंबं महिन्यातल्या एका रविवारी दोन वेळचं जेवण सोडतात आणि त्याचे पैसे गरिबांसाठी देतात. रोजा आणि सदका आठवला ना? त्यांच्या स्त्रियांची 'रिलीफ सोसायटी' १८४२ची. तरीही पौरोहित्य फक्त पुरुषांकडे. बाप्तिस्म्याला साक्षीदार होण्याची मुभा स्त्रियांना २०१९ साली मिळाली.

१९७४ मध्ये बोस्टन परिसरातल्या काही जणींनी 'एक्स्पोनंट टू' हे नियतकालिक काढलं. मुलं, घरकाम, नोकरी, श्रद्धा, शंका, सगळं त्या लिहू लागल्या. त्यांतल्या लॉरेल थॅचर अलरिक पुढे नामवंत इतिहासकार झाल्या. चर्च त्यांनी सोडलं नाही.

सवाल विचारला म्हणून ईमान जात नाही. आपल्या अम्मी, आपा मनातलं बोलू लागल्या, तर लगेच फतवा शोधू नका. आधी ऐकून घ्या.