माल संपतो, पुडके उरते

(गावातील साक्षरता वर्गापुढे केलेले भाषण)



आज आपण पुडक्याविषयी बोलणार आहोत. पुडके म्हणजे माल ज्यात बांधून येतो ते. कागद, पिशवी, पाकीट, डबा, बाटली, सगळे त्यात आले. आपण दुकानात जातो ते मालासाठी. साखर हवी असते, तेल हवे असते, साबण हवा असतो. पुडके कुणी मागत नाही. पण ते मालाबरोबर घरात येते. माल संपतो. पुडके उरते.

पूर्वी उरत नव्हते का? उरत होते. पण त्याला पुढचे काम असे. वाणी रद्दी कागदाची पुडी बांधून देई. वरून दोरा गुंडाळलेला असे. घरातली म्हातारी तो दोरा सोडवून ठेवी. कागद चुलीत जाई. तेलाला घरची बरणी न्यायची, रॉकेलला घरची बाटली न्यायची. धान्य तागाच्या पोत्यात येई. ते पोते किती तरी वर्षे घरात राही. आधी धान्याला, मग पावसात डोक्यावर खोळ करायला, मग दारात पाय पुसायला. शेवटी उकिरड्यावर जाऊन त्याचे खत होई. ताग हा झाडाचाच धागा. मातीतून आला, मातीत गेला.

कोकणातला हापूस आंबा बघा. तो भाताच्या पेंढ्यात घालून पेटीत भरतात. पेंढा आंब्याला धक्का लागू देत नाही. ऊबही देतो, म्हणून आंबा नीट पिकतो. आंबे संपले की पेंढा गुरांच्या पायाखाली टाकता येतो. ही रीत ज्याने काढली तो शाळेत गेला होता की नाही, कोण जाणे! पण त्याने मालाचा विचार केला, प्रवासाचा केला, आणि माल खाऊन झाल्यावरचाही केला. आमचे आजचे सांगणे या शेवटच्या विचाराविषयी आहे.

आम्ही जुने ते सगळे सोने असे म्हणणारे नव्हे. पुडीतली साखर पावसाळ्यात ओली होई. पोते उंदीर कुरतडीत. छापील कागदाची शाई भज्यांना लागे, आणि ती पोटात जाणे चांगले नाही. प्लास्टिक हलके आहे, स्वस्त आहे, पाणी आत जाऊ देत नाही. म्हणून ते आले आणि टिकले. कारण खोटे नाही.

पण आता गणित करू. समजा, एका घरात रोज चार पुड्या फुटतात. एक शाम्पूची, एक चहाची, दोन पोरांच्या खाऊच्या. वर्षाचे दिवस 365. म्हणजे एका घराच्या 1,460 पुड्या झाल्या. गावात तीनशे घरे धरा. वर्षाला 4 लाख 38 हजार पुड्या! यातली एकही गावात तयार होत नाही. सगळ्या बाहेरून येतात आणि गावातच राहतात. ओढ्यात, बांधाला, विहिरीच्या काठाला.

कुणी म्हणेल, भंगारवाला नेतो की. तो सगळे नेत नाही. का नेत नाही, ते समजून घ्या. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. ती धुऊन वितळवता येते आणि तिची दुसरी वस्तू होते. म्हणून तिला भाव आहे. कुरकुरीत वेफरचे पाकीट उलटून बघा. आतून चांदीसारखे चमकते. तो धातूचा पातळ मुलामा असतो. हवा, ओल आणि उजेड आत येऊ नये म्हणून दोन-तीन वेगवेगळे थर एकमेकांना पक्के चिकटवलेले असतात. माल छान राहतो. पण ते थर कुणाला सोडवता येत नाहीत. प्लास्टिकची एक जात एका उष्णतेला वितळते, दुसरी दुसऱ्या. एकत्र वितळवले तर चांगला माल होत नाही. म्हणून भंगारवाला ते पाकीट पायाने बाजूला सारतो. दोष त्याचा नाही, खाणाऱ्या पोराचाही नाही. पाकीट जिथे आखले गेले तिथेच त्याचे नशीब ठरले होते.

दुधाच्या पिशवीचेही एक सांगतो. कात्रीने कोपरा कापतो तेव्हा एक नखाएवढा तुकडा सुटतो. पिशवी विकली जाते, तुकडा मोरीतून गटारात जातो. कोपरा पुरता कापू नका, थोडा लटकता ठेवा. तुकडा पिशवीबरोबरच जाईल. यात कष्ट काही नाहीत.

आता गाईकडे येऊ. गाय शेळीसारखी निवडून खात नाही. जिभेने घास ओढते, गिळते, आणि रवंथ मागाहून करते. उरलेला भात पिशवीत घालून, गाठ मारून आपण बाहेर फेकतो. गाईला आतल्या अन्नाचा वास येतो. गाठ तिला सोडवता येत नाही, म्हणून ती पिशवीसकट गिळते. प्लास्टिक पचत नाही. ते पोटाच्या पहिल्या कप्प्यात साठत जाते. कप्पा भरला की गाईला भूक लागत नाही. पोट फुगलेले दिसते, पण अंग झडत जाते. आमच्या आळीतल्या एका विधवा बाईची दुभती गाय अशी गेली. पशुवैद्यांनी मेल्यावर पोट उघडले. पिशव्यांचा असा गोळा निघाला की एका पाटीत मावेना. त्या गाईच्या दुधावर त्या घराची मीठमिरची चालत होती. नंतर ती बाई दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाऊ लागली.

मग यावर उपाय काय? कचरा जाळून टाकावा? तो उपाय नव्हे. प्लास्टिकचा धूर विषारी असतो. चूल पेटवायला पिशवी घालणाऱ्या बायांनी हे लक्षात ठेवावे. तो धूर पहिल्यांदा त्यांच्याच छातीत जातो.

खरा उपाय म्हणजे पुडके परत जाईल असे करणे. आपल्या जत्रेतली गोटी सोड्याची बाटली आठवा. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने ती 1872 साली काढली. बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी असते आणि तोंडाशी रबराचे कडे. आतला वायू गोटीला वर ढकलतो. गोटी कड्यात घट्ट बसते. बूच नको, झाकण नको. फेकायला काही उरतच नाही. अंगठ्याने गोटी दाबायची, सोडा प्यायचा, बाटली तिथेच ठेवायची. तीच बाटली धुऊन पुन्हा भरतात. मुंबईत आरेचे दूधही एके काळी काचेच्या बाटलीत मिळे. रिकामी बाटली दिली की भरलेली मिळे. पुढे प्लास्टिकची पिशवी आली आणि बाटली गेली.

ही युक्ती आजही चालते. तमिळनाडूत निलगिरी नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तिथे लोक दारूच्या बाटल्या जंगलात फेकत. फुटलेल्या काचा हत्तींच्या पायांत घुसत. मद्रास उच्च न्यायालयाने त्यात लक्ष घातले. मे 2022 पासून सरकारी दुकानांत दर बाटलीला दहा रुपये जास्त घेऊ लागले. बाटली परत केली की दहा रुपये परत. बहुतेक बाटल्या परत येऊ लागल्या. दारूची आम्ही शिफारस करीत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण दहा रुपयांनी जे साधले ते उपदेशाने साधले नव्हते.

कायदे झाले आहेत. 2016 च्या केंद्राच्या नियमांत खेडीही आली. मालाबरोबर येणारे प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी त्यांनी कंपन्यांवर टाकली. महाराष्ट्राने 23 मार्च 2018 रोजी हातपिशव्या आणि थर्माकोलची ताटे यांवर बंदी घातली. 1 जुलै 2022 पासून प्लास्टिकचे पेले, ताटे, चमचे साऱ्या देशात बंद झाले. तरी बाजारच्या दिवशी हातपिशवी सर्रास मिळते. ग्रामसभेत हा विषय काढायला कुणाची परवानगी लागत नाही. अर्ज लिहायला तुम्ही आता शिकला आहात.

एका गोष्टीत मात्र फेरवापर करायचा नाही. औषध फवारणीच्या बाटल्या आणि डबे. त्यांवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल विष. त्याच्या खाली पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा असला तरी ते पिण्याच्या पाण्याचे भांडे नव्हे. कितीही धुतले तरी नाही. बाटली रिकामी झाली की तीनदा पाण्याने विसळा. ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता, म्हणजे औषधही वाया जात नाही. मग तळाला भोक पाडा, म्हणजे कुणी ती वापरणार नाही. ओढ्यात किंवा विहिरीत तर मुळीच टाकू नका. खताच्या पोत्याचे तळवट करा, पडदा करा. त्यात दाणे भरू नका.

आता लग्नसराई येते आहे, म्हणून ताटांविषयी बोलू. एका पंगतीला शेकडो ताटे, वाट्या, पेले लागतात. बचत गटाने मिळून स्टीलची ताटे घ्यावीत आणि भाड्याने द्यावीत. नेताना अनामत घ्यावी आणि परत येताना मोजून घ्यावे. जितकी ताटे कमी, तितकी अनामत कापावी. सोडा बाटलीचीच युक्ती आहे ही. पण एक प्रश्न बायांनी आम्हाला विचारला आणि तो बरोबर आहे. धुणार कोण? बापई जेवून उठतात आणि ढीग बायांपुढे पडतो. तेव्हा धुण्याची मजुरी आधीच ठरवा. मांडव आणि वाजंत्री यांच्याबरोबर तीही खर्चात धरा. फुकट धुऊन घ्यायचे असेल तर ही योजना दोन लग्नांत मोडेल.

आणि ज्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे पाचशे ताटे धुवायला पाणी कुठले? त्या गावाने पळसाची पत्रावळच घ्यावी. जेवण झाले की ती खड्ड्यात जाते आणि खत होते. घेताना मात्र पत्रावळ उलटून बघा. हल्ली काही पत्रावळींना खालून प्लास्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. वरून दिसायला पानच दिसते. नखाने कोपरा सोलला की कळते.